शस्त्र बाळगण्याचा हक्क : घटना, परवाना व न्यायालये

भारतीय राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा स्वतंत्र मूलभूत हक्क नाही. अनुच्छेद 19 मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आहे, तेही शांततेने व विनाशस्त्र. शिखांच्या कृपाणाला अनुच्छेद 25 च्या स्पष्टीकरणाचा आधार आहे. बाकी कारभार 1959 च्या शस्त्र अधिनियमावर (अंमल 1 ऑक्टोबर 1962) चालतो. म्हणून आपल्याकडचे बहुतेक दावे परवाना नाकारणाऱ्या किंवा काढून घेणाऱ्या हुकमावरचे असतात.

पूर्वपीठिका : व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतील 1878 च्या कायद्याने हिंदी प्रजेला परवान्याची सक्ती केली, युरोपियनांना सूट राहिली. 1887 च्या मद्रास काँग्रेसपासून त्याविरुद्ध ठराव होत गेले. गांधीजींनी 1918 मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या आवाहनात या निःशस्त्रीकरणावर कठोर टीका केली. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला गेला. डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी घटना समितीत तशी दुरुस्ती मांडली. असा सरसकट हक्क सराईत गुन्हेगारांनाही द्यावा लागेल, असा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी घेतला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. सतरा वर्षांपूर्वी काँग्रेसनेच मागितलेला हक्क सत्ता हाती येताच गळला, याची चर्चा आपल्या घटना-अभ्यासात व्हावी तितकी झालेली नाही.

मकरपुरा : परवान्याचा कारभार प्रत्यक्षात कसा चालतो, याचे उदाहरण म्हणून वडोदऱ्याच्या दक्षिणेकडील हा भाग घेऊ. 1878 चा कायदा ब्रिटिश मुलखाचा, बडोदा मात्र संस्थान. 1 मे 1949 ला ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि प्रांताचे कायदे येथे आले. आज मकरपुऱ्यातील अर्जदाराला वडोदरा शहर पोलीस आयुक्तांकडे जावे लागते, कारण आयुक्तालयाच्या हद्दीत अधिनियमाच्या दृष्टीने जिल्हा दंडाधिकारी तेच. कलम 13 प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. तो मुदतीत आला नाही तर त्यावाचूनही निर्णय घेता येतो.

नकार व रद्दीकरण : कलम 14 नुसार सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांसाठी परवाना नाकारता येतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून मात्र नाही. ही तरतूद नागरिकाच्या बाजूची आणि अतिशय मोलाची आहे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात. कलम 18 खाली अपील आहे. कलम 17 प्रमाणे परवाना निलंबित किंवा रद्द होतो.

न्यायालये : 1993 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. मार्कंडेय काटजू यांनी गणेशचंद्र भट्ट प्रकरणात, प्रतिबंधित नसलेले शस्त्र बाळगणे हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. पुढे त्याच न्यायालयाच्या पूर्णपीठाने राणा प्रताप सिंह प्रकरणात हे मत अमान्य केले. 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाने (न्या. जोसेफ, न्या. नागरत्ना) अमेरिकेशी तुलना करून भारतात असा मूलभूत हक्क नसल्याचे म्हटले.

मराठी वाचकाला जवळचा निकाल गोव्याचा. निवडणूक आली की परवानाधारकांनी बंदुका ठाण्यात जमा कराव्यात, असे हुकूम सरसकट निघत. गोविंद तिळवे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने छाननी समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, हे तत्त्व उचलून धरले. रानडुकरांपासून पीक राखणाऱ्या शेतकऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

प्रतिबंधित शस्त्र वापरून मृत्यू घडल्यास फाशी सक्तीची करणारे कलम 27(3) सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये दलबीर सिंग प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने कोडगूतील कोडवांना व जम्मा (वंशपरंपरागत धारणेच्या) जमीनधारकांना असलेली परवान्यातून सूट वैध मानली.

नियम : सध्या 2016 चे.

दुरुस्त्या : 1983 पासून एका व्यक्तीला तीन बंदुकांची मर्यादा होती. 2019 मध्ये ती दोनवर आली; परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.