मैदान सर्वांचे, देयक कोणाचे?

नव्या रायपुरातील क्रिकेट स्टेडियमला शहीद वीर नारायण सिंह यांचे नाव आहे. महाराष्ट्रातून सामना पाहण्यास येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव परिचित असते. वास्तविक या नावामागील इतिहासाचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १७४१ पासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल सुरू झाला. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून तेथील कारभार पाहिला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगढही कंपनी सरकारच्या ताब्यात गेले.

दोनच वर्षांनी, १८५६ मध्ये, दुष्काळ पडला. सोनाखानचे जमीनदार नारायण सिंह हे बिंझवार आदिवासी समाजातील होते. त्यांनी कसडोलच्या एका व्यापाऱ्याचे कोठार उघडून धान्य भुकेल्या रयतेत वाटले आणि आपण काय केले हे स्वतःच सरकारला कळविले, असे सांगितले जाते. सरकारने मात्र व्यापाऱ्याची तक्रार तेवढी ग्राह्य धरली. नारायण सिंह रायपूरच्या तुरुंगात गेले, १८५७ च्या ऑगस्टमध्ये तेथून निसटले, त्यांनी इंग्रजांशी लढा दिला आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरातच त्यांना फाशी देण्यात आली.

या नावाचे स्टेडियम २००८ मध्ये, राज्यस्थापनेनंतर आठ वर्षांनी, परसदा गावाजवळ उभे राहिले. २०१३ मध्ये येथे आयपीएलचे सामने झाले आणि २१ जानेवारी २०२३ रोजी पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना. त्यात न्यूझीलंडचा संघ १०८ धावांत बाद झाला. ३ डिसेंबर २०२५ च्या दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या सामन्यास मी प्रेक्षक म्हणून उपस्थित होतो. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने आपले पहिले एकदिवसीय शतक त्या दिवशी झळकावले, विराट कोहलीनेही शतक केले, भारताच्या ३५८ धावा झाल्या आणि तरीही सामना पाहुण्यांनी जिंकला. माझ्या मागच्या रांगेत बहुधा गोंदिया-नागपूरकडील मंडळी असावीत. ऋतुराजसाठी त्यांनी केलेला मराठी जयघोष ऐकून परप्रांतात राहणाऱ्या माणसाला जे वाटते ते मलाही वाटले.

परंतु दिवे लागले तेव्हा माझे लक्ष खेळावरून थोडे उडाले, कारण या दिव्यांची एक कथा आहे. २०१८ मध्ये अर्धमॅरेथॉनसाठी आलेल्या खेळाडूंना या स्टेडियममध्ये वीजच नसल्याचे आढळले. चौकशीअंती समजले की २००९ पासून विजेचे देयक भरलेले नाही आणि थकबाकी ३.१६ कोटी रुपयांवर गेली आहे. बांधकामानंतर देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आणि उरलेला खर्च क्रीडा खात्याकडे अशी विभागणी होती. त्यामुळे प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवीत राहिले. १ डिसेंबर २०२३ रोजी भारत-ऑस्ट्रेलिया टी-२० सामना झाला तेव्हाही तात्पुरती वीजजोडणी प्रेक्षकांच्या सज्जांपुरतीच होती. मैदानावरील प्रकाशझोत जनरेटरवर चालले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. भांडवली खर्चाला कोनशिला असते, उद्घाटन असते, छायाचित्र असते. महसुली खर्चाला यांपैकी काहीच नसते. इमारत बांधण्याचे श्रेय घेण्यास अनेकजण पुढे येतात, पण तिची वीज, पाणी, झाडलोट ही दरमहा येणारी आणि कोणाच्याही नावावर न लागणारी कामे असतात. दोन खात्यांत वाटलेली जबाबदारी निम्मी-निम्मी होत नाही, ती बहुतेक वेळा शून्य होते.

मुंबईचा इतिहास येथे ताडून पाहण्यासारखा आहे. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ चे, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मालकीचे. सामन्यांच्या जागावाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांच्यात वाद झाला, तेव्हा बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम उभारले आणि जानेवारी १९७५ मध्ये तेथे कसोटी सामना झालाही. एवढ्या जवळ दोन स्टेडियमे असावीत का, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण दोन्ही ठिकाणी मालक कोण हे निश्चित होते, त्यामुळे देयक कोणाच्या टेबलावर ठेवायचे हा प्रश्न तेथे नव्हता.

२०२५ च्या अखेरीस छत्तीसगढ मंत्रिमंडळाने हे स्टेडियम दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने राज्य क्रिकेट संघाकडे सोपविण्याचा निर्णय घेतला. यामुळे किमान उत्तर देणारा एक पक्ष ठरेल. मात्र शासनाने अंग काढून घेऊ नये. ज्या गावांच्या परिसरात हे मैदान झाले तेथील मुलांना वर्षातून काही दिवस ते खुले राहावे, अशी अट करारात असावी असे मला वाटते.

नारायण सिंहांनी कोठार उघडले तेव्हा ते काम कोणत्या खात्याचे, हे विचारले नव्हते. केले ते स्वतःच्या नावावर घेतले आणि त्याची किंमतही स्वतःच दिली. त्यांच्या नावाच्या वास्तूत जबाबदारीवरून नऊ वर्षे कागद इकडून तिकडे फिरत राहावा, हे आम्हा प्रशासनातील मंडळींनी विसरू नये.