शर्टाची कॉलर (शिवणकाम)

शर्टाची पट्टीयुक्त कॉलर म्हणजे मानेभोवती उभी राहणारी पट्टी आणि तिच्या वरच्या कडेतून निघून बाहेरच्या बाजूस दुमडणारे पान, अशा दोन स्वतंत्र भागांनी बनलेली कॉलर होय. पट्टीला शिंपीकामात बँड किंवा स्टँड म्हणतात. पुरुषांचा औपचारिक शर्ट, शालेय गणवेश आणि खाकी गणवेशाचा शर्ट यांत हीच रचना प्रामुख्याने आढळते. शर्टाच्या शिवणकामात कॉलर हा सर्वांत कठीण भाग समजला जातो. तिची दोन्ही टोके समोरासमोर दिसत असल्याने दोन-तीन मिलिमीटरचा फरकही नजरेत भरतो. त्यामुळे शिकाऊ कारागिराच्या तयारीचा अंदाज बहुधा कॉलरीवरूनच घेतला जातो.

रचना

कॉलरीचे पान दोन थरांचे असते. बाहेरून दिसणाऱ्या थराला वरची कॉलर आणि पट्टीवर टेकणाऱ्या थराला खालची कॉलर म्हणतात. पट्टीलाही आतला व बाहेरचा असे दोन थर असतात. आकार टिकावा म्हणून पान व पट्टी या दोहोंत कडक अस्तर घालतात. या अस्तराला बकरम म्हणतात. एका बाजूस गोंद असलेले बकरम गरम इस्त्रीने कापडावर चिकटवतात आणि या क्रियेला पेस्टिंग किंवा फ्यूजिंग असे नाव आहे.

साधारण मापाच्या शर्टात पट्टीची उंची पाठीच्या मध्यावर सव्वा ते दीड इंच असते आणि पुढे गळ्यापाशी ती थोडी कमी होते. कॉलरीचे पान पाठीच्या मध्यावर पट्टीपेक्षा किमान पाव ते अर्धा इंच अधिक रुंद ठेवावे लागते, अन्यथा कॉलर दुमडल्यावर पट्टीची खालची शिवण उघडी पडते. पान शर्टाच्या पुढच्या मध्यरेषेवर संपते. पट्टी मात्र तिच्या पलीकडे बटणपट्टीच्या कडेपर्यंत जाते, कारण गळ्याचे बटण व काज तिच्यावरच येतात. बटणपट्टीवरील काजे उभी असतात, तर कॉलरपट्टीवरील काज आडवे असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात युरोप व अमेरिकेत शर्ट आणि कॉलर या वेगवेगळ्या वस्तू झाल्या होत्या. अमेरिकेतील ट्रॉय या गावी हॅना लॉर्ड माँटेग्यू यांनी इ.स. १८२७ च्या सुमारास पतीच्या शर्टाची मळलेली कॉलर कापून वेगळी धुतली आणि त्यातून सुटी कॉलर जन्माला आली, असे मानले जाते. पुढे ट्रॉय हे कॉलरनिर्मितीचे मोठे केंद्र झाले. सुट्या कॉलरीच्या काळात शर्टाला केवळ पट्टी शिवलेली असे आणि कॉलर तिच्यावर छोट्या खुंट्यांनी अडकवत. पहिल्या महायुद्धानंतर शिवलेली मऊ कॉलर रूढ होत गेली. मात्र शर्टाला शिवलेली पट्टी आणि तिच्यावर बसणारी कॉलर ही जुनी विभागणी तशीच राहिली.

मुंबईत कावसजी दावर यांनी इ.स. १८५४ मध्ये सूतगिरणीची स्थापना केल्यानंतर गिरण्यांचा उद्योग वाढला आणि शर्टाचे कापड शहरातच विणले जाऊ लागले. मंगलदास मार्केटसारख्या बाजारातून शर्टपीस घ्यायचा आणि तो ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचा, ही पद्धत तयार कपडे सर्वत्र मिळू लागेपर्यंत शहरात व उपनगरांत सर्वसामान्य होती. इ.स. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगावातील उत्पादन झपाट्याने घटले. कपडे शिवण्याचे काम मात्र साकीनाका, कुर्ला, गोवंडी अशा भागांतील लहान कारखान्यांतून आणि घरगुती यंत्रांवरून चालू राहिले.

मापे व बेतणे

भारतातील शिंपीकामात मापे आजही इंचात घेतली जातात. इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात. कॉलरीसाठी टेप मानेच्या मुळाशी ठेवून, आत एक बोट सहज फिरेल इतका सैल धरतात. मानेचे माप साडेपंधरा इंच असल्यास तयार कॉलर साधारण सोळा इंचांची करतात. बटणपट्टी दीड इंच रुंद असेल, तर मध्यरेषेच्या पुढे दोन्ही बाजूंना पाऊण इंच वाढते. अशा वेळी पट्टीच्या खालच्या शिवणीची लांबी साडेसतरा इंच होते. शर्टाच्या गळ्याची शिवणरेषाही तितकीच भरली पाहिजे.

या टप्प्यावर नवशिक्यांची एक चूक हमखास होते. ते गळ्याची लांबी शिवणरेषेवर न मोजता कापलेल्या कडेवर मोजतात. शिवणीच्या बाहेर सोडलेल्या जादा कापडाला माया म्हणतात. गळा अंतर्वक्र असल्याने त्याची माया आतल्या बाजूस येते आणि कापलेली कड शिवणरेषेपेक्षा आखूड भरते. पट्टीची खालची कड किंचित बहिर्वक्र असते, त्यामुळे तेथे कापलेली कड शिवणरेषेपेक्षा थोडी लांब असते. परिणामी अचूक बेतलेली पट्टीही गळ्यापेक्षा मोठी दिसते. ती छाटली, तर शिवताना कमी पडते.

हा फरक भूमितीने स्पष्ट होतो. वर्तुळाची त्रिज्या १ सेंटिमीटरने घटली की त्याचा परीघ सुमारे ६.३ सेंटिमीटरने घटतो. गळा पूर्ण वर्तुळ नसला तरी नियम तोच आहे. माया जितकी जास्त, तितका दोन्ही कडांतील फरक जास्त. म्हणून अन्यत्र अर्धा इंच किंवा अधिक माया सोडणारे शिंपी गळ्याला केवळ पाव इंच माया ठेवतात आणि ती बसत नसल्यास तिला बारीक चिरा देतात.

बेतण्यापूर्वी सुती कापड भिजवून वाळवणे आवश्यक असते. कापड शिवल्यानंतर आटले आणि बकरम तितके आटले नाही, तर कॉलरीवर सुरकुत्या व फुगे येतात. रेघांच्या किंवा चौकड्यांच्या कापडात कॉलर मध्यावर दुमडून बेततात, म्हणजे दोन्ही टोकांवर रेघा सारख्या येतात.

शिवणकृती

कृतीचे तीन टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यानंतर इस्त्री केली जाते. शर्टाच्या पातळ कापडासाठी बारीक सुई वापरतात आणि टीप इंचाला बारा ते चौदा टाक्यांची ठेवतात.

पहिला टप्पा पान तयार करण्याचा आहे. वरच्या कॉलरीला बकरम चिकटवून दोन्ही थर सुलट बाजू आत ठेवून जुळवतात आणि पट्टीकडील कड सोडून तिन्ही बाजूंनी टीप मारतात. खालची कॉलर वरच्या कॉलरीपेक्षा सुमारे एक सूत लहान ठेवतात किंवा शिवताना किंचित ताणून धरतात. त्यामुळे उलटवल्यावर शिवण खालच्या बाजूस वळते आणि वरून दिसत नाही. टोकाशी टीप एकदम काटकोनात न वळवता मध्ये एक-दोन तिरके टाके घेतात, म्हणजे आतल्या मायेला जागा मिळते. त्यानंतर टोकाची माया छाटून कॉलर उलटवतात. टोक बाहेर काढण्यासाठी कात्रीचा वापर केल्यास कापड फाटण्याचा धोका असतो. त्यामुळे अनेक कारागीर शिवतानाच कोपऱ्यात एक दोरा अडकवून ठेवतात, उलटवल्यावर त्याने टोक ओढून घेतात आणि दोरा काढून टाकतात. शेवटी कडेपासून पाव इंचावर दर्शनी टीप मारतात.

दुसऱ्या टप्प्यात पान पट्टीत बसवतात. बकरम लावलेल्या पट्टीची खालची माया आधी आत दुमडून शिवून घेतात. मग तयार पान पट्टीच्या दोन थरांमध्ये ठेवून तिन्हींच्या मध्यावरील खाचा जुळवतात. टीप मध्यापासून एका टोकाकडे आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे मारल्यास कापड एकाच दिशेला सरकत नाही. पट्टीची पुढची गोलाई दोन्ही बाजूंना सारखी यावी म्हणून पुठ्ठ्याचा नमुना ठेवून तिची रेषा खडूने आखतात.

तिसऱ्या टप्प्यात पट्टी गळ्याला जोडतात. पट्टीचा मध्य पाठीच्या मध्यावर आणि खांद्याच्या खुणा खांद्याच्या शिवणीवर यायला हव्यात. पट्टीचा एक थर गळ्याला शिवून माया पट्टीच्या आत ढकलतात आणि दुसऱ्या थराची दुमडलेली कड तिच्यावर बसवून काठालगत टीप मारतात. नवशिक्यांना यंत्राखाली घेण्यापूर्वी हाताने कच्चा टाका घालण्यास सांगितले जाते. पट्टीचे टोक आणि बटणपट्टीची कड एका सरळ रेषेत आली पाहिजे. ती न आल्यास तेथे पायरी दिसते आणि गळ्याचे बटण लावल्यावर ती अधिक उठून दिसते.

सामान्य दोष

दोन टोकांची लांबी असमान होणे, खालच्या कॉलरीची कड वरून दिसणे, गळ्याभोवती चुण्या पडणे, पट्टीच्या टोकाशी पायरी येणे आणि धुतल्यावर बकरम सुटून फुगे येणे, हे प्रमुख दोष होत. चुण्या बहुधा गळा ताणला गेल्याने पडतात. कापलेला गळा तिरक्या धाग्यावर असतो आणि नुसता हाताळल्यानेही वाढतो. म्हणून काही शिक्षक बेतल्याबरोबर गळ्याभोवती एक आधारटीप मारून घेण्यास सांगतात. फुगे येण्यामागे इस्त्रीची अपुरी उष्णता, अपुरा दाब किंवा अपुरा वेळ हे कारण असते. इस्त्री घासत न फिरवता जागोजागी दाबून धरावी लागते.

मुंबई उपनगरांतील प्रशिक्षण

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. या भागात शिवणकाम शिकण्याचे तीन मार्ग आढळतात.

पहिला मार्ग शासकीय व संस्थात्मक प्रशिक्षणाचा आहे. इ.स. १९५० मध्ये सुरू झालेल्या केंद्रीय शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेत शिवण तंत्रज्ञान हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. उपनगरांत मुलुंड, बोरिवली, कांदिवली आदी ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. प्रौढ कामगारांसाठी देशातील पहिले श्रमिक विद्यापीठ इ.स. १९६७ मध्ये मुंबईत वरळी येथे सुरू झाले. याच योजनेचे पुढे जन शिक्षण संस्थान असे नामांतर झाले. उच्च शिक्षणात श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या जुहू परिसरातील सर विठ्ठलदास ठाकरसी गृहविज्ञान महाविद्यालयात वस्त्र व परिधान हा विषय शिकवला जातो.

दुसरा मार्ग घरगुती शिवणक्लासांचा आहे. तेथे शिकणाऱ्या बहुतांश स्त्रिया असल्याने ब्लाउज, परकर व पंजाबी ड्रेस यांवर भर असतो. पट्टीयुक्त कॉलर बहुधा अभ्यासक्रमाच्या अखेरीस येते किंवा वगळली जाते. जूनमधील शालेय गणवेशाचे काम घ्यायचे असल्यास मात्र ती यावीच लागते. त्यामुळे घरून शिलाई करणाऱ्या स्त्रीच्या उत्पन्नाशी या कौशल्याचा थेट संबंध येतो.

तिसरा मार्ग दुकानात किंवा कारखान्यात काम करता करता शिकण्याचा आहे. दुकानात मापे घेणाऱ्या व बेतणाऱ्याला मास्टर आणि शिवणाऱ्याला कारागीर म्हणतात. नवा मुलगा आधी काज-बटण, इस्त्री व कॉलर उलटवणे अशी कामे करतो. मग सरळ शिवणी, कफ व बाह्या त्याच्याकडे येतात आणि कॉलर सर्वांत शेवटी येते. कारखान्यात मजुरी नगावर मिळते आणि काम विभागलेले असते. एक कारागीर दिवसभर केवळ कॉलरीच शिवतो. त्याचा हात अत्यंत सफाईदार होतो, परंतु मापे व बेतणे न आल्याने त्याला स्वतःचे दुकान काढणे अवघड जाते. याउलट संस्थेतून शिकलेल्याला संपूर्ण शर्ट येतो, पण वेग कमी असल्याने नगाच्या दरावर त्याची कमाई सुरुवातीला थोडी राहते. या दोन प्रकारच्या शिक्षणांतील अंतर हा या व्यवसायातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. तिच्यात अल्पकालीन प्रशिक्षण व अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य यांची तरतूद आहे.

कॉलर उलटणे

शर्ट प्रथम कॉलरीच्या दुमडीवर विरतो. तेथे मानेचे घर्षण होते, घाम साचतो आणि धुताना ब्रशही तेथेच घासला जातो. मुंबईच्या दमट हवेत हे लवकर घडते. बाकीचा शर्ट चांगला असल्यास पान पट्टीपासून उसवून, खालची बाजू वर करून पुन्हा शिवतात. याला कॉलर उलटणे म्हणतात. मध्यमवर्गीय घरांत ही पद्धत पूर्वी सर्रास होती आणि अल्टरेशनची कामे करणारे शिंपी आजही हे काम करतात.

पान व पट्टी हे स्वतंत्र भाग असल्यामुळेच ही दुरुस्ती शक्य होते, कारण गळ्याच्या शिवणीला हात लावावा लागत नाही. पट्टीची वरची शिवण तेवढी उसवतात, पानाचा मध्य खुणेने निश्चित करतात, पान उलटे करून त्याच जागी बसवतात आणि टीप मारतात. दोन्ही थर एकाच कापडाचे असणे ही त्यासाठीची अट आहे. खालच्या कॉलरीत कडक पट्ट्यांसाठी खिसे शिवलेले असल्यास ते वर येतात, त्यामुळे असा शर्ट या दुरुस्तीस योग्य ठरत नाही. एक कॉलर एकदाच उलटता येते. त्यानंतर नवी कॉलर बेतावी लागते. याच कारणाने शर्ट शिवून झाल्यावर उरलेले कापड शिंप्याकडून मागून घेऊन जपून ठेवण्याची रीत पडली.

शिकाऊ कारागिरासाठी कॉलर उलटणे हा उपयुक्त सराव मानला जातो. उसवताना त्याला दुसऱ्याने घातलेल्या शिवणीचा क्रम उलट दिशेने पाहायला मिळतो, आणि माया किती सोडली होती, चिरा कोठे दिल्या होत्या व बकरम कोठवर होते, हे प्रत्यक्ष समजते.

हेही पाहा

शिवणयंत्र
शिंपी
शर्ट
मुंबईतील कापडगिरण्या
औद्योगिक प्रशिक्षण संस्था