पूलच्या खेळातील चेंडूंची यांत्रिक ओळख : एक ऐतिहासिक टिपण

पूल या खेळात सोळा चेंडू असतात : एक पांढरा, सात एकरंगी, सात पट्टेदार आणि एक काळा. खेळणारास ते रंगाने व अंकाने ओळखू येतात. टेबलास मात्र डोळे नाहीत. आणि विसाव्या शतकात नाणे टाकून चालणारी टेबले मद्यगृहांतून रूढ झाली, तेव्हा चेंडू ओळखण्याची पाळी टेबलावरच आली. खिशात गेलेले रंगीत चेंडू पुढले नाणे पडेपर्यंत पोटात कोंडून ठेवावयाचे आणि चुकून गेलेला पांढरा तेवढा परत द्यावयाचा, हे त्याचे काम. रंग येथे निरुपयोगी होता. भाषाशास्त्रात ज्यास भेदक लक्षण म्हणतात, ते पांढऱ्या चेंडूच्या देहातच घालणे भाग पडले.

अमेरिकेत पांढरा चेंडू मोठा करण्यात आला : इतरांचा व्यास २.२५ इंच, तर याचा २.३७५ इंच. टेबलाखालील उतरत्या वाटेवर लहान चेंडू आत सरकत व मोठा अडून दुसऱ्या वाटेस लागे. ब्रिटनमध्ये नेमके उलट घडले. तेथे इतर चेंडू २ इंचांचे व पांढरा १.८७५ इंचांचा. हा फरक नजरेस क्षुल्लक वाटेल. परंतु वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. द्रव्य एकच धरल्यास अमेरिकन पांढरा चेंडू इतरांहून सुमारे साडेसतरा टक्के जड आणि ब्रिटिश जवळजवळ तितकाच हलका भरतो. जड चेंडू आघातानंतर पुढेच रेटत जातो, त्यास मागे खेचणे कष्टाचे होते. हलका सहज माघारी फिरतो. अर्थात् अशा टेबलावर घटवलेला हात समान चेंडूंनी खेळताना फसावयाचाच. यंत्राची सोय खेळणाराच्या मनगटातून वसूल झाली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पुढे समान व्यासाच्या चेंडूत चुंबकाने ओढला जाणारा धातू घालण्याची युक्ती निघाली. तीत आकाराचा दोष गेला. वजनाचा सर्वच नमुन्यांत गेला असे नाही.

कॅमेऱ्याने हा प्रश्न देहाकडून रूपाकडे नेला. ब्रिस्टल विद्यापीठात १९८० च्या दशकात स्नूकर खेळणाऱ्या यंत्रमानवाचे काम झाले. पुढे कॅनडातील क्वीन्स विद्यापीठात मायकेल ग्रीनस्पॅन यांच्या ‘डीप ग्रीन’ने पूल हाती घेतला. टेबलावर टांगलेल्या कॅमेऱ्याच्या चित्रात कापडाहून वेगळी पडणारी वर्तुळे शोधावयाची आणि प्रत्येकातील रंगांचे प्रमाण मोजावयाचे, अशी या ओळखीची सर्वसाधारण रीत आहे. स्नूकरमध्ये चेंडू एकरंगी असल्याने ती बरीचशी निभते. पूलमध्ये पट्टे आडवे येतात. १ व ९ हे दोन्ही चेंडू पिवळे; ९ च्या दोन टोकांस तेवढी पांढरी टोपी असते. ती टोपी वर आली की ९ हा पांढऱ्या चेंडूसारखा दिसू लागतो, आणि पट्टा वर आला की १ सारखा. माणूस टेबलाभोवती एक फेरी मारून शंका फेडतो. टांगलेल्या कॅमेऱ्यास ती मुभा नाही.

दूरचित्रवाणीची अडचण आणखी निराळी. तीत पडद्यापुढील प्रेक्षकास जांभळा ४ व काळा ८, तसेच गडद तांबूस ७ व लाल ३ यांची गल्लत होई. म्हणून दूरचित्रवाणीसाठी निघालेल्या संचांत ४ गुलाबी व ७ फिकट तपकिरी करण्यात आला. रंग बदलल्याने वजन बदलत नाही. खेळणाराचा हात या वेळी अबाधित राहिला. मात्र ४ आणि ७ यांचे पट्टेदार जोडीदार, म्हणजे १२ आणि १५, यांनाही त्यांच्याबरोबर आपले रंग सोडावे लागले.