पेलाग्रा : कातडीचे नाव, मनाची व्यथा

रोगाला पडलेले नाव पुष्कळदा त्याच्या एकाच अंगावर बोट ठेवते आणि उरलेली अंगे झाकून टाकते. पेलाग्राचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

स्पेनच्या आस्तुरिआस प्रांतातील वैद्य गास्पार कासाल याने १७३५ मध्ये या रोगाचे वर्णन केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १७६२ मध्ये छापले गेले. तेथील शेतकरी त्यास ‘गुलाबाचे दुखणे’ म्हणत, कारण कातडीवर तांबडे चट्टे उठत. १७७१ मध्ये फ्रापोल्ली याने इटालियन लोकांच्या तोंडचे ‘पेले आग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव ग्रंथात आणले व तेच रूढ झाले. दोन्ही नावे त्वचेची. कासालने नोंदविलेली खिन्नता कोणत्याच नावात उतरली नाही. पण रोगी मात्र खिन्नतेने ग्रासून पुढे भ्रमिष्ट होत, आणि एकोणिसाव्या शतकात उत्तर इटालीतील वेड्यांच्या इस्पितळांत अशांची मोठी भरती असे.

हे बहुतेक मक्यावर जगणारे गरीब शेतकरी होते. मक्यातील नायसिन बद्ध असते. चुन्याच्या पाण्यात शिजविल्याने ते मोकळे होते. मेक्सिकोतील लोक तसे करीत. युरोपने धान्य घेतले, कृती घेतली नाही.

अमेरिकेत १९१४ पासून जोसेफ गोल्डबर्गर याने शोध चालविला. वेड्यांच्या इस्पितळांत रोगी आजारी पडत, सेवक पडत नसत. तेव्हा हा संसर्ग नव्हे, आहाराचा दोष होय, हे त्याने ताडले. दूध, मांस व अंडी दिल्यावर रोग हटला. तरीही संसर्गवादी बराच काळ हटले नाहीत! १९३७ मध्ये एल्व्हेजेम याने निकोटिनिक आम्ल हे औषध दाखवून दिले. त्यानंतर कित्येक ‘वेडे’ काही दिवसांतच शुद्धीवर आले. तंबाखूतील निकोटीनशी घोटाळा होऊ नये म्हणून पुढे त्या आम्लास ‘नायसिन’ हे नाव मिळाले. येथे तरी नावाची काळजी घेतली गेली.

शरीर ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनविते. मेंदूतील सेरोटोनिनही त्याच द्रव्यापासून बनते. तथापि यावरून प्रत्येक खिन्नतेचे मूळ अन्नात शोधणे हा उतावळेपणा ठरेल.

दख्खनमध्ये हा प्रश्न ज्वारीच्या रूपाने आला. हैदराबादेत गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील अधिक ल्यूसिनकडे लक्ष वेधले. त्या मताविषयी पुढे वाद झाले. पण मका न खाणारे कष्टकरीही पेलाग्राने आजारी पडतात, ही गोष्ट वादातीत राहिली.