टेबलावरची चांद्रलढाई

टेबलावर उभारलेल्या छोट्या रणभूमीवर, रंगवलेल्या इंच-सव्वाइंच उंचीच्या पुतळ्यांनिशी लढाई खेळण्याच्या छंदाला ‘मिनिएचर वॉरगेम’ असे नाव आहे. बुद्धिबळाप्रमाणे येथे घरे आखलेली नसतात. सैनिक किती सरकला आणि शत्रू माऱ्याच्या टप्प्यात आहे किंवा नाही, हे मोजपट्टी सांगते. नेम लागला किंवा हुकला, याचा निवाडा फासे करतात.

या खेळाचे मूळ लष्करी शिक्षणात आहे. प्रशियाच्या सैन्यातील राइसवित्झ या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर खेळावयाच्या युद्धाचे नियम प्रसिद्ध केले. त्याला घरगुती करमणुकीचे रूप दिले ते एच. जी. वेल्स यांनी, १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातून. याच वेल्स यांनी १९०१ मध्ये ‘द फर्स्ट मेन इन द मून’ या कादंबरीत माणसाला चंद्रावर नेले होते. विज्ञानकथेवर आधारलेल्या वॉरगेमचा जगभर प्रसार झाला, तो विशेषतः १९८७ मध्ये निघालेल्या ‘वॉरहॅमर ४०,०००’ या ब्रिटिश खेळामुळे.

काल्पनिक ग्रहावर नियमकर्त्याला मोकळे रान असते. चंद्राचे तसे नाही. तेथे माणूस प्रत्यक्ष चालून आला आहे. थर्मोकोल, प्लास्टर व वाळू यांपासून खड्डे आणि टेकड्या घडवून त्यांना करडा रंग दिला की चंद्रभूमी तयार होते. खरी कसोटी नियमांची असते. चंद्रावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एकषष्ठांश असल्याने सैनिकाची उडी लांब पडते. पण वस्तुमान तेवढेच राहत असल्याने वेगात असताना थांबणे किंवा वळणे सोपे नसते. म्हणून लांब उडीनंतर तोल सावरण्यासाठी फासा टाकावयास लावणे, हा नियम तेथे शोभून दिसतो.

हवा नसल्याने आवाज पोहोचत नाही. हुकूम द्यावयाचा तो रेडिओवरूनच. बंदूक मात्र चालते, कारण ज्वलनास लागणारा ऑक्सिजन काडतुसातील दारूतच असतो. हवेचा अडथळा नसल्याने गोळी शेकडो किलोमीटर जाऊ शकते. उभ्या माणसाला क्षितिज मात्र केवळ अडीच किलोमीटरांवर दिसते. त्यामुळे शस्त्राच्या पल्ल्यापेक्षा खड्ड्याच्या काठाचा आडोसा अधिक मोलाचा ठरतो. उडालेली धूळही घातक असते. १९६९ मध्ये ‘अपोलो-१२’ उतरताना उडालेल्या धुळीचे ओरखडे दीडशे मीटरांहून दूर उभ्या असलेल्या ‘सर्व्हेयर-३’ या यानावर आढळले होते.

मात्र या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे संपत जाणारा प्राणवायू. पृथ्वीवरील जखमी सैनिक मागे राहून जगू शकतो; चंद्रावर पोशाखाला पडलेले छिद्र बुजवले नाही, तर तो वाचत नाही. त्यामुळे जाणता खेळाडू गोळ्यांपेक्षा ऑक्सिजनचा हिशेब आधी ठेवतो, आणि कित्येकदा लढण्यापेक्षा माघार घेऊन तळ गाठणे हाच विजय ठरतो.

हे युद्ध केवळ कल्पनेतलेच होते, असेही नाही. अमेरिकी भूदलाने १९५९ मध्ये ‘प्रोजेक्ट होरायझन’ या नावाने चंद्रावर लष्करी ठाणे उभारण्याचा आराखडा तयार केला होता. तो कागदावरच राहिला. पुढे १९६७ च्या बाह्य अवकाश कराराने चंद्रावर लष्करी तळ, शस्त्रचाचण्या आणि युद्धसराव यांना बंदी घातली. म्हणजे जी लढाई चंद्रावर निषिद्ध आहे, ती टेबलावर मात्र खुशाल खेळता येते. वेल्स यांना खेळातील युद्ध खऱ्या युद्धाहून कितीतरी शहाणपणाचे वाटत असे. त्यांच्या पुस्तकानंतर वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले. टेबलावर पडलेला सैनिक पुढच्या डावाला पुन्हा उभा राहतो. खऱ्या रणांगणावर ती सोय नसते.