दारूकाम आणि प्राणी : भीती जुनी, मोजमाप नवे

इ. स. १६३३ च्या मे महिन्यात आग्र्याला यमुनेच्या काठी शाहजहानसमोर दोन हत्तींची झुंज लागली होती. त्यातला सुधाकर नावाचा हत्ती अचानक वळला आणि घोड्यावर बसलेल्या चौदा वर्षांच्या औरंगजेबावर धावून गेला. औरंगजेबाने न डगमगता भाला फेकला, हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला असेल. त्यातला एक बारकावा मात्र सहसा नजरेतून निसटतो. हत्तीला मागे फिरवण्यासाठी सेवकांनी त्या वेळी दारूकाम पेटवले होते. ते ऐन वेळी कोठून तरी शोधून आणलेले नव्हते. झुंजीच्या जागी असे दारूकाम तयार ठेवण्याची पद्धतच होती. पोकळ बांबूत दारू ठासून केलेल्या या साधनाला ‘चरखी’ म्हणत, आणि तिचा उल्लेख अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’तही आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात आलेल्या फ्रान्स्वा बर्निए या फ्रेंच वैद्यानेही झुंजणारे हत्ती चरखीने अलग करतात असे लिहिले. बंदुका-तोफा आल्यापासून सैन्यात हत्तीचा उपयोग का राहिला नाही, याचे कारण त्याला या भीतीतच दिसले.

याच्याही आधी, सोळाव्या शतकाच्या आरंभी, व्हार्थेमा हा इटालियन प्रवासी विजयनगरला आला होता. तेथील लोक दारूकामात पटाईत आहेत, हत्तीला आगीची विलक्षण धास्ती असते आणि तो एकदा पळत सुटला की कोणालाच आवरत नाही, अशी नोंद त्याने केली आहे.

म्हणजे दारूकामाला प्राणी भितात हे काही आजच्या प्राणिमित्रांनी शोधून काढलेले नाही. ते निदान पाचशे वर्षे ठाऊक आहे, आणि इतके पक्के ठाऊक आहे की माणसाने त्या भीतीचे हत्यार केले. मग हेच दारूकाम करमणुकीसाठी उडवताना आसपासच्या प्राण्यांचे काय होत असेल, हा प्रश्न इतकी शतके कोणाला का पडला नाही?

पुण्याचेच उदाहरण घेऊ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी गेल्या शतकाच्या मध्याला भारतातील दारूकामाच्या इतिहासावर एक निबंध लिहिला. (अत्तरापासून जात्यापर्यंत कोणत्याही वस्तूचा माग काढणारा हा विद्वान शिक्षकांनी अवश्य वाचावा.) त्यात पेशव्यांच्या बखरीतला एक प्रसंग आहे. कोट्याला दिवाळीत कसे दारूकाम होते, दारूची लंका कशी जाळतात, याचे वर्णन महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना ऐकवले. पेशव्यांना ते पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी तसाच सोहळा करवण्यात आला. बखरकार थाटामाटाचे वर्णन करतो. पर्वतीच्या झाडीतल्या पाखरांचे त्या रात्री काय झाले, हे अर्थातच लिहीत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हत्ती बिथरला तर तो डोळ्यांसमोर बिथरतो, माणसे तुडवतो. पाखरू अंधारात उडून जाते, आणि आपण तर आकाशातल्या प्रकाशाकडे पाहत असतो. ज्याला इजा होते तो प्रेक्षकांच्या नजरेआड असतो, ही या विषयातली खरी अडचण आहे.

ती एकदा अचानक दूर झाली. ३१ डिसेंबर २०१० च्या रात्री अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या बीबी या लहान गावात आकाशातून पक्षी पडू लागले. रस्त्यांवर, छपरांवर, अंगणांत मिळून सुमारे पाच हजार पक्षी मेलेले आढळले. त्यात बहुतेक रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड जातीचे, म्हणजे लाल खांद्याचे काळे पक्षी होते. विषबाधेपासून जगबुडीपर्यंत सगळे तर्क झाले. प्रयोगशाळेतील तपासणीत विष सापडले नाही, रोग सापडला नाही. सापडल्या त्या जोरदार आपटल्याच्या जखमा आणि अंतर्गत रक्तस्राव. त्या रात्री गावातल्या वस्तीत मोठ्या आवाजाचे, व्यावसायिक कार्यक्रमांत वापरतात तसले दारूकाम उडवले गेले होते. हे पक्षी हिवाळ्यात हजारोंच्या संख्येने एकाच रातथाऱ्यावर झोपतात आणि त्यांना अंधारात नीट दिसत नाही. दचकून उडालेला थवा घरांवर, झाडांवर, खांबांवर आदळला. पुढच्या वर्षी त्याच रात्री त्याच गावात पुन्हा पक्षी मेले. संख्या कमी होती, पण योगायोगाची शंका बरीचशी फिटली.

तरीही चिकित्सक विद्यार्थी विचारील की एका गावावरून सगळ्या जगाचा निष्कर्ष कसा काढायचा? हा आक्षेप रास्त आहे. मेलेले पक्षी मोजता येतात. न मेलेले, पण रात्रभर भरकटलेले पक्षी अंधारात कसे मोजायचे? यासाठी लागणारे उपकरण तोवर सत्तर वर्षे जुने झाले होते, आणि ते पक्ष्यांसाठी बनवलेलेच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या किनाऱ्यावरील रडारच्या पडद्यावर अधूनमधून असे ठिपके उमटत की ते विमानांचे नाहीत, जहाजांचेही नाहीत. चालक त्यांना गमतीने ‘देवदूत’ म्हणत. सैन्याच्या संशोधन विभागात काम करणारे डेव्हिड लॅक आणि जॉर्ज व्हार्ली हे दोघे मूळचे जीवशास्त्रज्ञ. हे ठिपके पक्ष्यांचे आहेत असे त्यांनी सांगितले, तेव्हा पिसांच्या गोळ्यावरून रेडिओलहरी परततील यावर अनेकांचा विश्वास बसेना. पण पक्ष्याच्या शरीरात पुष्कळ पाणी असते आणि पाण्यावरून या लहरी चांगल्या परावर्तित होतात. पावसाचे थेंब हवामान रडारवर दिसतात ते याच कारणाने. युद्ध संपल्यावर, १९४५ साली, लॅक आणि व्हार्ली यांची टिपणी ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून हवामानखात्याची डोकेदुखी ही पक्षिशास्त्रज्ञांची शिदोरी बनली. पावसाच्या नकाशातून एक जण पक्षी पुसून टाकतो, दुसरा पाऊस पुसून पक्षी ठेवतो.

आता नेदरलँड्सकडे वळू. तेथे नववर्षाच्या मध्यरात्री घरोघर दारूकाम उडवण्याची जुनी प्रथा आहे. देश सखल, पाणथळ, आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आलेल्या लक्षावधी हंस-बदकांनी भरलेला. अॅमस्टरडॅम विद्यापीठातील ज्युडी शमून-बॅरान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डे बिल्ट येथील हवामान रडारच्या लागोपाठ तीन नववर्षरात्रींच्या नोंदी तपासल्या. त्यांचा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही वर्षी एकच चित्र दिसले. मध्यरात्रीचे ठोके पडले की काही मिनिटांतच हजारो पक्षी हवेत उठतात. निदान पाऊण तास ही गर्दी टिकते, आणि ती सर्वांत दाट असते सुमारे ५०० मीटर उंचीवर. ठिपके दारूकामाचेच नसतील कशावरून, हा प्रश्न येथे विचारला पाहिजे. दारूकाम मुख्यतः गावा-शहरांत उडते, आणि ठिपक्यांची सर्वाधिक गर्दी होती गवताळ कुरणांवर व पाणथळींवर. त्यांत पक्ष्यांसाठी राखलेल्या संरक्षित जागाही होत्या. अभयारण्याची हद्द माणसाला अडवते, आवाजाला नाही.

किती दूरवर हा परिणाम पोचतो? बार्ट हुक्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी रडारच्या नोंदींना स्वयंसेवकांनी केलेल्या पक्षिगणनेची जोड दिली. २०२३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार नववर्षाच्या रात्री हवेतले पक्षी इतर रात्रींच्या सरासरी हजारपट असतात. परिणाम पहिल्या पाच किलोमीटरांत तीव्र असतो, पण दहा किलोमीटरांवरही तो दिसतो. ध्वनीला दहा किलोमीटर जायला साधारण अर्धा मिनिट लागतो, हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे.

पक्षी उडाले, थोड्या वेळाने बसले, यात बिघडले काय, असेही कोणी म्हणेल. याचे उत्तर हंसांच्या अंगावर बसवलेल्या लहान यंत्रांनी दिले. अँड्रिया कोल्श आणि सहकाऱ्यांनी आर्क्टिक प्रदेशातून हिवाळ्यात नेदरलँड्स, जर्मनी, डेन्मार्क या भागात येणाऱ्या जंगली हंसांचा उपग्रहाच्या साहाय्याने माग ठेवला. (आपल्याकडे जायकवाडी-उजनीवर येणारे पट्टकादंब याच कुळातले.) नववर्षाच्या रात्री या हंसांना सरासरी दोन तास कमी विश्रांती मिळाली आणि ते नेहमीपेक्षा ५ ते १६ किलोमीटर अधिक उडाले. नंतरचे सगळे दिवस, अभ्यास चालू होता तोपर्यंत, त्यांना सुमारे दहा टक्के अधिक वेळ चरावे लागले. थंडीत रात्री ऊब राखण्यातच पक्ष्याची पुंजी खर्च होत असते. त्यातून उड्डाण, म्हणजे सर्वांत महाग हालचाल. पाऊण तासाच्या करमणुकीचे हे देणे ते पक्षी कित्येक दिवस फेडत होते.

वीण चालू असताना गोष्ट आणखी बिघडते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील ग्वालाला या गावी २००७ च्या जुलैत दारूकाम झाले, तेव्हा समोरच्या बेटावर घरटी करणाऱ्या पाणकावळ्यांवर निरीक्षकांनी लक्ष ठेवले होते. पक्षी उडाले आणि काही घरटी सोडून दिली गेली. किनारा आयोगाने २००८ साली दारूकामाला मनाई केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० साली आयोगाचे म्हणणे मान्य झाले. गंमत अशी की कायद्याच्या भाषेत दारूकाम उडवणे हा किनाऱ्यावरील ‘विकास’ ठरला, म्हणून त्याला परवाना लागतो!

आपल्याकडील कायदा आवाज मोजतो. १९९९ च्या नियमानुसार फटाक्याचा आवाज चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. अंतर दुप्पट झाले की उघड्यावर साधारण सहा डेसिबल कमी होतात, असे धरून मुलांना हिशेब करायला सांगावे. ८ मीटरवर ११९, १६ वर ११३, ३२ वर १०७, आणि ६४ मीटरवरच्या वडावर झोपलेल्या साळुंकीला १०१ डेसिबल. शिवाय ही मोजणी ‘ए’ मापनश्रेणीने होते. ती श्रेणी माणसाच्या कानाला जेवढे जसे ऐकू येते त्यानुसार आखलेली आहे. आपला कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा सुमारे ४५,००० पर्यंत. म्हणजे मोजपट्टीच आपल्या मापाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत फटाक्यांवर बंदी घातली, तीही माणसाच्या झोपेचा विचार करून.

कुत्र्याबद्दल आपली समजूत तरी बरी असेल असे वाटते. पण ब्रिस्टल विद्यापीठात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मजेदार विसंगती दिसली. ‘तुमचा कुत्रा आवाजाला भितो का?’ या प्रश्नाला सुमारे पाव मालकांनी ‘होय’ म्हटले. थरथरणे, लपणे, भुंकणे अशी लक्षणे एकेक करून विचारली, तेव्हा त्यातले निदान एखादे लक्षण जवळजवळ निम्म्या मालकांनी सांगितले. म्हणजे घरातले, रोज अंगाखांद्यावर खेळणारे जनावर घाबरले आहे हेही मालकाच्या ध्यानात येत नव्हते. रस्त्यावरच्या कुत्र्याला तर लक्षणे सांगणारा मालकही नसतो.

रडार किंवा उपग्रह नसतानाही हे ओळखणारी माणसे आहेत. तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात वेट्टंगुडी पक्षी अभयारण्यालगत कोल्लुकुडिपट्टी हे गाव आहे. तळ्यातल्या झाडांवर हिवाळ्यात बगळे, शराटी, चित्रबलाक येतात, आणि दिवाळी नेमकी त्याच सुमारास असते. गावकरी कित्येक दशके दिवाळीत फटाके उडवत नाहीत. त्यांनी झाडाकडे पाहिले, एवढेच.

तसे पाहण्याचे काम शाळेलाही करता येईल. गावातले साळुंक्यांचे किंवा बगळ्यांचे रातथाऱ्याचे एक झाड निवडावे. दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून आठ दिवस नंतरपर्यंत, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी सुरुवात करून अंधार पडेपर्यंत, झाडावर येणारे पक्षी दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे मोजावेत आणि दोघांचे आकडे वेगवेगळे लिहावेत. तारीख, ढग, पाऊस आणि जवळ उडालेल्या फटाक्यांची वेळही नोंदवावी. शक्य असेल तर फटाक्यांपासून दूर असलेले दुसरे एक झाडही त्याच दिवसांत मोजावे, म्हणजे तुलना करता येईल. लग्नसराईच्या वराती आणि निवडणुकीच्या मिरवणुका यांसाठी हीच वही पुढे चालू ठेवता येते.