एका चित्रपटाच्या किती तारखा? ‘रमोर्क’ आणि माझी एक चूक

आज एका जुन्या फ्रेंच चित्रपटाबद्दल लिहितोय. पण त्याआधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची तरी टळेल.

एम.एस्सी. करून मी इतिहासाच्या संशोधनाकडे वळलो. पहिल्याच वर्षी एका चर्चासत्रात ज्याँ ग्रेमियाँ या दिग्दर्शकाच्या ‘रमोर्क’वर बोललो. नावाचा अर्थ, जहाज ओढून नेणं. ब्रेस्ट बंदरातल्या टगबोटीचा कप्तान लोराँ (ज्याँ गाबाँ), त्याची आजारी पत्नी इव्होन (माद्लेन रनो) आणि वादळात वाचवलेल्या जहाजावरची कॅथरीन (मिशेल मॉर्गां) यांची ही गोष्ट. कॅथरीन त्या जहाजाच्या कप्तानाचीच बायको. लोराँ तिच्यात गुंततो, इकडे इव्होन मरते आणि तो पुन्हा समुद्रावर निघून जातो.

चित्रपट प्रदर्शित झाला नोव्हेंबर 1941 मध्ये. तेव्हा पॅरिसवर जर्मनांचा ताबा होता. मी लगेच निष्कर्ष काढला: हा अंधार, ही हतबलता म्हणजे पराभूत फ्रान्सचं मन! मागे बसलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी शांतपणे विचारलं, “चित्रीकरण कधी सुरू झालं?” मला सांगता आलं नाही.

उत्तर आहे 1939 चा उन्हाळा. म्हणजे फ्रान्सने 3 सप्टेंबरला युद्ध पुकारण्याच्या आधी. युद्धामुळे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, परत अडलं. वादळाची दृश्यं बऱ्याच अंशी स्टुडिओत, जहाजांच्या छोट्या प्रतिकृती वापरून घेतली. मूळ कथा तर आणखी जुनी: रोजे व्हेर्सेल यांची त्याच नावाची कादंबरी 1935 ची. ज्या ‘पराभवाचं’ मी विश्लेषण करत होतो, तो कथा लिहिली तेव्हा झालेलाच नव्हता!

प्रयोगशाळेत ही चूक मी कधीच केली नसती. पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीवर नमुना घेतल्याची तारीख असते, तपासणीची वेगळी आणि निबंध छापल्याची तिसरीच. यांची गल्लत केली तर मार्गदर्शक वही तोंडावर फेकतील. मग चित्रपटाच्या बाबतीत एकच तारीख पुरेशी कशी वाटली? कारण ती सगळीकडे नावापुढे कंसात छापलेली असते. छापलेलं पाहिलं की आपण विचारायचं थांबतो.

आता तुम्ही म्हणाल, मग 1941 खोडूनच टाकायचं का? नाही. इथेच खरी गंमत आहे. प्रश्न बदलला की योग्य तारीखही बदलते.

चित्रपट बनवणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे शोधायचं असेल तर 1935 ते 1939 कडे बघा. ओढून नेण्याच्या धंद्याचं गणितही तिथलंच. जहाज सुखरूप आणलं तरच टगबोटीला मोबदला. म्हणूनच वाचवलेल्या जहाजाचा कप्तान दोर कापून पळू पाहतो, तेव्हा लोराँ इतका संतापतो. हे युद्धाचं रूपक नाही, पोटाचा प्रश्न आहे.

पण प्रेक्षकांनी काय पाहिलं, हा तुमचा प्रश्न असेल तर 1941 हेच वर्ष महत्त्वाचं. तोवर गाबाँ आणि मॉर्गां दोघंही अमेरिकेत पोचले होते. त्याच वर्षी ब्रेस्टमध्ये शार्नहॉर्स्ट आणि ग्नायझेनाऊ या जर्मन युद्धनौका उभ्या होत्या आणि त्यांच्यासाठी ब्रिटिश विमानं त्या बंदरावर बॉम्ब टाकत होती. पडद्यावरचं ब्रेस्ट आणि खरं ब्रेस्ट यांत दोनच वर्षांचं अंतर होतं, पण केवढं!

आणि आपण आज पाहतो तेव्हा चौथी एक तारीख मध्ये येते. 1944 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या वेढ्यात जुनं ब्रेस्ट शहर जवळजवळ नष्ट झालं. ते आपल्याला माहीत असतं, म्हणून बंदराची साधी दृश्यंही आपल्याला निरोपासारखी वाटतात. ती उदासी आपली आहे, ग्रेमियाँच्या माथी मारू नका.

तेव्हा एक सवय लावून घ्या. कोणतंही साधन हातात आलं, मग ते पत्र असो, फोटो असो की चित्रपट, वहीत चार रकाने आखा: कल्पना कधी सुचली, वस्तू कधी बनली, लोकांपर्यंत कधी पोचली, आपण कधी पाहतोय. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या, पण शेजारच्या रकान्यातली तारीख उचलून त्यात भरू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

त्या बाईंचा प्रश्न पाच शब्दांचाही नव्हता. माझं वीस मिनिटांचं भाषण त्यापुढे टिकलं नाही. तुमचं टिकावं म्हणून हा खटाटोप.